साधी गाठ

दादूस,

तुझा उजवा डोळा मिटला नाही. तुला ओटीवर आणून ठेवलं तेव्हा शेजारच्या धाकलीकाकीनं दोनदा पापणीवरून हात फिरवला. हात काढला की पापणी वर. "काय तरी इच्छा रायली पोराची," काकी म्हणाली आणि बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. इच्छा नाही काकी, नस आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पापणी मिटवणारी नस ऑपरेशनात गेलीय, तो जिवंत असतानाही हा डोळा मिटत नव्हता. पण बोलले नाही. हिरावहिनी उठून आत गेली, चिकटपट्टी घेऊन आली, दातांनी तुकडा तोडला आणि तुझ्या पापणीवर लावला, रोज झोपायच्या आधी लावायची तसाच. अंगठ्यानं दाबून बसवला. 

मी अजून रडलेले नाही. शाळेतून रजा घेतलीय, माहेरी बाळकुमलाच आहे. सकाळी उठते, पाणी भरते, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करते. परवा गॅसवर दूध उतू जात होतं आणि मी ते बघत उभी होते. बघतेय हे मला कळत होतं. हात पुढे होत नव्हता.

येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. "गाठीनंच गेला ना?" मी नाही म्हणते. हार्टनं गेला, असं सांगते. जेवून ओटीवर जाळं शिवत बसला होता, छातीत जळजळतं म्हणाला, वहिनीला सोडा आणायला सांगितला, ती दुकानातून येईपर्यंत आडवा झाला होता. रिक्षातून ठाण्याला नेला, डॉक्टर म्हणाले, आणायच्या आधीच गेला. एवढं सगळं ऐकून घेतात आणि उठताना म्हणतात, "ती गाठ वाईटच व्हती."

वाईट नव्हती रे. इतकी वर्षं आपण तेच एक वाक्य ऐकत आलो ना, दर डॉक्टरकडून? गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. आय तर दर वेळी ते ऐकून देवीला नारळ फोडायची. साधी, साधी म्हणता म्हणता तिनं तुझी सगळी जवानी खाल्ली.

तू तेव्हा विशीत होतास. ब्याऐंशी किंवा त्र्याऐंशी साल असेल, मी डी.एड.ला होते. गावातल्या बँडमध्ये तू क्लॅरिनेट वाजवायला लागलेलास आणि बाबांना ते अजिबात पसंत नव्हतं. होडी कोण नेणार, असं त्यांचं म्हणणं. पण कशेळीपासून कोलशेतपर्यंत कुठेही हळद असली की तुझ्या नावानं निरोप यायचा. हळदीच्या मांडवात तू उभा राहिलास की म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचून नाचायला उठायच्या. कानाखाली गाठ आली तेव्हा बाबांना आनंदच झाला, आता तरी वाजवणं सुटेल म्हणून. "फुकून फुकून गाल फुगलाय, आजून फुक." गल्लीतल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. हवा भरते, वाजवणं बंद करा, बसेल. तू दोन महिने वाजवलं नाहीस. बसली नाही. बोराएवढी होती, बोराएवढीच राहिली, बोट लावलं की आतल्या आत सरकायची.

मग ठाण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये ती काढली. मी बरोबर होते, कारण घरात लिहितावाचता येणारी मीच. जागेवरच सुई देऊन, बारीकसा छेद घेऊन, सोललेल्या लिंबासारखी गाठ बाहेर काढली त्यांनी. बशीत घालून आपल्याला दाखवलीसुद्धा. गुळगुळीत, पांढुरकी. "अख्खी आलीय," डॉक्टर खुशीत म्हणाले. आपणही खूश. येताना तू मला स्टेशनसमोर लस्सी पाजलीस आणि गालाला पट्टी असताना स्ट्रॉनं लस्सी ओढून दाखवलीस. "बग, हवा कुठं जात नाय," म्हणालास. तुझी काळजी तेव्हापासून एकच, हवा कुठे जाते.

चार-पाच वर्षं काही झालं नाही. तुझं लग्न झालं. मी डोंबिवलीला शाळेत लागले, तिथेच लग्न करून राहिले. माझ्या बिल्डिंगमध्ये सगळे शाकाहारी आणि तू दर रविवारी ओले बोंबील घेऊन यायचास. जिन्यात पाऊल टाकलंस की खालच्या मजल्यावरची दारं एकेक करून बंद व्हायची. तू मुद्दाम पिशवी हलवत वर यायचास. मला लाज वाटायची आणि हसूही यायचं. माझ्या सासूनं तर पहिल्यांदा नाकाला रुमाल लावला होता. वर्षभरात तिनंच विचारायला सुरुवात केली, "काशिनाथ या रविवारी नाही आला?"

परतलेली गाठ पहिल्यांदा हिरावहिनीच्या बोटांना लागली. कुणाच्या तरी हळदीत ती तुझ्या गालाला हळद चोळत होती आणि जुन्या टाक्याखाली तिला काहीतरी खडबडीत लागलं. एक गाठ नाही, पाच-सहा. साबुदाण्यासारख्या. तिनं तिथे कुणाला सांगितलं नाही, मांडव उठेपर्यंत नाचत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शाळेच्या दारात उभी. "यमू, त्या परत आल्यान," एवढंच म्हणाली. मला काय ते कळलं.

मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या त्या डॉक्टरीणबाई. आपण दोघं त्यांना 'बाई'च म्हणायचो. ठेंगण्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. तुझा टाका बघून त्यांनी पहिल्या डॉक्टरबद्दल वाईट शब्द काढला नाही, नुसता एक उसासा टाकला. नंतर तुझ्या गालावर आपला पंजा ठेवला. मनगट कानाखाली, बोटं फाकलेली, एक कपाळाकडे, एक डोळ्याकडे, एक नाकाकडे, एक ओठाकडे, अंगठा हनुवटीच्या खाली.

"हा माझा हात म्हणजे तुमची नस," बाई म्हणाल्या. "लाळेच्या ग्रंथीच्या आतून जाते आणि अशी फुटते. तुमचं हसणं, डोळा मिटणं, ओठ आवळणं, सगळं हिच्यावर. आणि या गाठीचं साल फार पातळ. नुसती गाठ उचलली की साल फाटतं, कण मागे राहतात, मग पेरल्यासारख्या उगवतात. आजूबाजूच्या ग्रंथीसकट काढायला हवी होती."

"आता काढा ना मग," मी म्हणाले.

"काढणारच. पण आधीच्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलंय. नस शोधणं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

तू विचारलंस, "बाई, मी क्लॅरिनेट वाजवतो. ओठ रायल ना?"

"गाठ साधी आहे, कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तुलाही ते कळलं होतं.

दुसरं ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार कलेपर्यंत चाललं. शुद्धीवर आलास तेव्हा तोंड डावीकडे ओढलेलं आणि उजवा कोपरा लोंबलेला. नस तुटली नाही, दुखावलीय, महिन्यांनी येईल, असं बाईंनी सांगितलं. खाडीचा वारा नको म्हणून मी तुला डोंबिवलीला घेऊन आले. ते महिने मला आता सारखे आठवतात. मी शाळेतून यायची तर तू खिडकीशी बसून क्लॅरिनेट तोंडाला लावलेलं. सूर नाही, नुसता फुस्स आवाज, आणि कोपऱ्यातून लाळेची धार. तू शर्टाच्या बाहीनं पुसायचास आणि परत लावायचास. समोरच्या दारातले निवृत्त लेलेकाका एकदा तक्रार करायला आले. "दुपारी जरा झोपू द्या हो," म्हणाले. तू उठून वाकडं तोंड करून "सॉरी" म्हणालास, तो शब्दही धड उमटला नाही. त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि ते परत गेले. पुढे एका दुपारी अख्ख्या जिन्यात एक सूर घुमला. एकच, लांबलचक, जरा कापरा. मी पायऱ्या चढत होते. लेलेकाका दार उघडून बनियनवरच बाहेर आले. "आला की!" ते म्हणाले. जणू त्यांचाच कुणी आला होता.

दादूस, तो सूर मी ऐकला तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं. तुला काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही.

गाठी तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तुझा मुलगा शाळेत जायला लागला होता. आता त्या मोजायच्या पलीकडच्या. बाईंनी खूप वेळ चाचपलं, फिल्म उजेडाला धरून बघितल्या, आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना तुमचा बाजा घेऊन या."

मला वाटलं मस्करी करतात. तू मात्र पुढच्या खेपेला क्लॅरिनेटची पेटी घेऊन हजर. ओपीडीत ती गर्दी, पोरं रडतायत, नर्स नावं पुकारतेय, आणि बाई म्हणाल्या, "वाजवा." तू म्हणालास, "हितं?" "हो, हळू वाजवा." तू हळदीचं गाणं धरलंस, अगदी दबक्या आवाजात. बाई उठून तुझ्या शेजारी उभ्या राहिल्या, दोन बोटं तुझ्या गालावर ठेवून डोळे मिटून घेतले. कुठला स्नायू कधी आवळतो ते बघत होत्या. बाहेरचा शिपाई धावत आत आला, बाईंना बघून दारातच थांबला. बाकावरची एक म्हातारी टाळी धरायला लागली. गाणं संपलं तेव्हा बाईंनी लगेच हात काढला नाही.

मग दार लावून घेऊन आपल्याला समजावलं. डोळ्याकडे जाणाऱ्या नसेला गाठींनी चहूबाजूंनी वेढलंय. ती वाचायची नाही. ओठाकडे जाणाऱ्या फांदीवर मात्र थोडे दाणे आहेत, अगदी चिकटलेले. सगळं साफ करायचं तर तीही फांदी कापावी लागेल. पायाची नस काढून तिथे जोडता येते, त्यानं चेहरा थोडा सावरेल, पण वाजवण्याएवढी ताकद येईल असं त्या म्हणू शकत नव्हत्या. आणि फांदी ठेवली तर तेवढे दाणेही राहतील.

"आणि ते वाढतील," मी म्हणाले.

"वाढतील. हळूहळू. कधी, ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षं राहिलेली गाठ क्वचित बिघडतेसुद्धा. म्हणून साफ करावं असंच मी सुचवीन."

"लाईट दिली तर? रेडिएशनची?"

"तरुण माणूस आहे, कॅन्सर नाही. लाईट द्यायला मी धजत नाही. शिवाय तोंड कोरडं पडेल. कोरड्या तोंडानं वाजवता येईल का?" हे त्यांनी तुला विचारलं. तू मान हलवलीस.

बाहेर जिन्याखाली, चहाच्या टपरीजवळ आपण भांडलो. आठवतंय? माणसं बघत होती.

"जीव मोठा का ती पिपाणी?" मी म्हणाले.

"जीव कुठं जातंय? तूच बोलतेस ना सगल्यांना, साधी हाय, साधी हाय?"

"बिघडते म्हणाल्या त्या. ऐकलंस ना?"

"क्वचित बोलल्या."

"तुझ्या पोरांचा विचार कर."

"पोरांचाच करतंय. बाप काय करतो विचारल्यावर त्यांनी काय सांगाचा? घरी बसून गाल चाचपतो?"

"होडी आहे. तुझं लग्न काय क्लॅरिनेट बघून झालं का?"

"व्हय," तू म्हणालास. "क्लॅरिनेट बगूनच झाला. इचार हिराला."

हिरावहिनी टपरीच्या बाकावर मांडीवर पेटी घेऊन बसली होती. मी तिच्याकडे वळले. वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती बराच वेळ पेटीची कडी उघडझाप करत राहिली आणि म्हणाली, "डोला देऊ. ओठ ऱ्हाऊ दे." मी त्या दिवशी तुम्हा दोघांशी गाडीत एक अक्षर बोलले नाही. ठाण्याला तुम्ही उतरलात, मी पुढे डोंबिवलीला गेले.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. डोळा गेला, म्हणजे दिसत होतं पण मिटत नव्हता. ओठ राहिला. बाईंनी डोळ्याच्या बाहेरच्या कडेला टाका घालून फट लहान केली. दिवसा थेंब, झोपताना मलम आणि पट्टी. होडीवर वारा लागला की डोळ्यातून धार लागायची, म्हणून काळा गॉगल लावून जायचास. हळदीतही तोच गॉगल. भिवंडीकडच्या पोरांना वाटायचं, बँडवाला हिरो आहे, तेही गॉगल लावून नाचायला लागले. एकदा मोहन्याच्या एका हळदीत नवरीच्या आजीनं तुझा गॉगल काढायला लावला, डोळ्यातलं पाणी बघितलं आणि तुला जवळ घेऊन रडायला लागली. तिला वाटलं, नवरीच्या पाठवणीचं तुला वाईट वाटतंय. तू तिला खरं सांगितलं नाहीस. "बाई एवडी प्रेमानं रडतेय, तिला नस काय सांगू?" असं म्हणाला होतास. हे मला सांगताना तू इतका हसलास की डाव्या डोळ्यातूनही पाणी आलं.

आणि वाजवणं. मला सुरातलं कळत नाही, तुला माहीत आहे. पण तिसऱ्या ऑपरेशननंतर तू वेगळं वाजवायचास. पूर्वी तू मांडव डोक्यावर घ्यायचास. नंतर कधी कधी मध्येच एकटा थांबायचास, ढोलताशे चालू, आणि मग एक साधी ओळ वाजवायचास की नाचणारे जागच्या जागी हलत राहायचे. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तुला बोलावलं तेव्हा दुसरीतल्या एका मुलीनं तुला विचारलं, "काका, एक डोळा उघडा ठेवून वाजवलं की चांगलं वाजतं का?" तू म्हणालास, "व्हय, दुसरा मिटला का गाना ऐकू येतो, उघड्यानं बाई मारायला येतेय का ते दिसतं." मुली हसल्या, मीही हसले. ती आता मोठी झाली असेल. तू गेलास ते तिला कुठून कळणार.

मी मात्र सोडलं नाही. वर्षातून एकदा बाईंकडे जायचं, त्या चाचपायच्या, म्हणायच्या, "आहेत. थोड्या वाढल्यात." आणि बाहेर पडलो की माझं सुरू. काढून टाक. आता तरी काढून टाक. जेवताना, सणाला, बोंबील साफ करताना. तू कधी चिडायचास, कधी विषय बदलायचास. एकदा म्हणालास, "यमे, तुना माजी भीती वाटते का गाठीची?" मी म्हणाले, गाठीची. तू म्हणालास, "मना नाय वाटत. ती माज्या घरातलीच झाली आता." मला असा राग आला होता.

गेल्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा बाईंच्या बोटांना एक दाणा मोठा लागला. हरभऱ्याएवढा. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत बघू," त्या म्हणाल्या, "मग मात्र निर्णय घ्यावा लागेल." परतताना आपण माजिवड्याला उतरून चालत बाळकुमला आलो. जिथे आपली शेतं होती तिथे खड्डे खणलेले, सळया उभ्या. तू म्हणालास, या बिल्डिंगांमध्ये लग्नं हॉलमध्ये होतील, बँड कोण बोलावणार? मी लगेच धरलं. "मग कापून घे ना. तसंही वाजवणं कमीच होणार." तू थांबलास. पहिल्यांदाच मला वाटलं, तू विचार करतोयस. माझ्याकडे बघितलंस, गॉगल होता, त्यामुळे काय बघितलंस ते कळलं नाही.

"आता नको ना भांडू," म्हणालास. "हिवाला येऊ दे. तवा भांडू नीट बसून."

मी म्हटलं, बरं.

माझी सगळी तयारी होती, दादूस. काय बोलायचं, कसं बोलायचं. यंदा वहिनीला आधी माझ्या बाजूला वळवणार होते. पोराला पण सांगणार होते. तुझे अजून किती दिवस पुढे आहेत, त्यांचा हिशोब घालणार होते. म्हातारा होईपर्यंत गाठ घेऊन कसा जगशील, हेच तर माझं म्हणणं होतं सगळी वर्षं. म्हातारा होईपर्यंत. ही दोन शब्दांची गोष्ट मी धरून बसले होते आणि तिच्यात काही नव्हतं.

आपण सगळे तुझा गाल राखत बसलो. आय गेली ती तुझ्या गालाला हात लावूनच गेली. बाईंचा चाचपणारा हात, वहिनीची पट्टी, माझं तोंड, सगळं त्या एका वीतभर जागेभोवती. छातीकडे कुणी बघितलं नाही. बघून काही झालं असतं का तेही माहीत नाही. बाईंना मी अजून कळवलेलं नाही. हॉस्पिटलच्या फोनवर कुणाला काय सांगू? तुमचा पेशंट गेला, तुमच्या गाठीनं नाही, एवढंच ना?

आता काल दुपारचं सांगते आणि थांबते.

वहिनी तू गेल्यापासून धड जेवलेली नाही. ताट पुढे घेते, भात चिवडते, उठते. काल मी तिला ओरडले. तशी ती म्हणाली, "गावातल्या बाया बोलतान, ननंदेचं आयकलं असता तं आज तो जिता असता. मीच बोल्ले ना तवा, ओठ ऱ्हाऊ दे. मीच बोल्ले."

एवढे दिवस ती हे पोटात घेऊन बसली होती. मी भातावर वरण वाढत होते. डाव तसाच हातात राहिला.

"वहिनी, गाठीनं नाही गेला तो. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ना. गाठीचा आणि छातीचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की. सगळ्या काढल्या असत्या तरी तो त्याच दिवशी गेला असता."

ती ओटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तवा कापल्या असत्या, तं यवडी वर्सं घरात बसून ऱ्हायला असता. वाजवल्याबिगर."

"हो."

"मंग वाजवत ऱ्हायला ता चांगलाच झाला ना, यमू?"

तू इतकी वर्षं माझ्याकडून हे काढून घ्यायला बघत होतास. जिन्याखाली, जेवताना, सणासुदीला. मी दिलं नाही. तू आज उठून आलास आणि बाई पुन्हा त्या खोलीत दार लावून बसल्या, तर मी परत तेच म्हणेन, कापा, सगळं कापा, मला हा माणूस म्हातारा झालेला बघायचाय. मी तशीच आहे. पण प्रश्न तू विचारला नव्हतास, तिनं विचारला होता, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो वहिनी," मी म्हणाले. "चांगलं झालं."

तिनं ताट जवळ ओढलं. मी तिच्या भातावर वरण वाढलं, मग माझ्या ताटात वाढलं, आणि आम्ही दोघी जेवलो.

तुझी,
यमू